छपराखाली डुक्कर

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या शेजारी सहा महिने एक तक्ता चिकटवलेला होता. कालनिर्णयवर एकादश्या, संकष्ट्या आणि दुधाचे खाडे. तक्त्यावर जगाचे पाच भाग. रोजचे व्यवहार. वैयक्तिक आणि सामाजिक जीवन. भोवतालचं जग. कामाचं जग. आंतरराष्ट्रीय जग. ही वाटणी मी केलेली नाही, केंब्रिजच्या परीक्षा मंडळाने केलेली आहे. माझी भाची तिथली आयजीसीएसई, म्हणजे आपल्या हिशेबाने दहावी, देत होती आणि परकीय भाषा म्हणून तिने चिनी घेतली होती. परीक्षेत जे काय विचारतील ते या पाच खणांतलंच. वेळ, खाणंपिणं, दुखणीखुपणी, प्रवास पहिल्या खणात. नातीगोती, कपडे, रंग दुसऱ्यात. हवामान आणि इमारती तिसऱ्यात. शाळा आणि नोकरी चौथ्यात.

"आणि देवाधर्माचं?" आईने विचारलं.

"पाचव्यात. सण, चालीरीती, श्रद्धा. देशांच्या नावांनंतर."

"म्हणजे अगदी शेवटी," आई म्हणाली, आणि तो तक्ता देव्हाऱ्यापासून हातभर लांब सरकवायला लावला.

ताई आणि भावोजी सकाळी मिरा रोडहून लोकल पकडतात ते रात्री आठला परततात. त्यामुळे शाळा सुटली की भाची आमच्याकडे, हाटकेशला. स्टेशनवर रिक्षावाल्याला नुसतं 'हाटकेश' सांगून भागत नाही. तो 'उद्योगनगर की सोसायटी?' विचारतो, कारण एकाच नावाखाली इकडे गाळे आणि तिकडे गॅलऱ्या आहेत. आम्ही गॅलरीवाले, पण खिडकी गाळ्यांकडे. घरात मी आणि आई. मी एका पतपेढीतून वसुली अधिकारी म्हणून निवृत्त झालो. ताईने हातात कार्डांचा गठ्ठा देऊन सांगितलं, "तू फक्त प्रश्न विचारायचे." मला चिनीचं अक्षर कळत नव्हतं, पण ती अडचण मला वाटली नाही. आयुष्यभर मी लोकांना 'पैसे कधी भरणार?' एवढंच विचारत आलो. उत्तर मलाही ठाऊक नसे आणि त्यांनाही.

सुरुवातीलाच उघडला तो नात्यांचा खण, आणि माझ्या मानाला धक्का लागला. चिनीत 'मामा' म्हणजे आई. मग मामाला काय म्हणतात? भाची म्हणाली, "च्यिउच्यिउ." मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. छत्तीस वर्षं ज्याच्या आवाजाने थकबाकीदार दाराआड लपत होते, त्याला एका प्राचीन संस्कृतीने चिऊचिऊ ठरवलं होतं. 'आइ' म्हणजे काय, तर प्रेम. हे आईला आवडलं. "त्यांना बरोबर कळलंय," ती म्हणाली. पण तिचा आनंद फार टिकला नाही, कारण आईच्या आईसाठी तिथे 'वाइफो' असा शब्द आहे आणि त्यातला 'वाइ' म्हणजे बाहेर. बापाकडची आजी घरची, आईकडची बाहेरची.

"बाहेरची?" आईच्या हातातला डाव तसाच राहिला. "शाळेतून आल्यावर हिला गरम भात कोण वाढतं? ती बाहेरची का घरची?"

भाचीने शहाणपणा करून विषय बदलला आणि सांगितलं, की चिनीत बापाचा थोरला भाऊ वेगळा, धाकटा वेगळा, आत्या वेगळी, मावशी वेगळी, सगळ्यांना स्वतंत्र शब्द. इंग्रजीसारखं अंकल-आंटीत सगळं कोंबत नाहीत. आई थोडी निवळली. "मग मानपान कळणारी माणसं आहेत. लग्नपत्रिकेत घोळ होत नसणार."

उच्चारांच्या बाबतीत मात्र मला चक्क अभिमानाने छाती फुगवायची संधी मिळाली. चिनी शब्द रोमन लिपीत लिहायची जी पद्धत आहे ती बिचाऱ्या इंग्रजी वाचणाऱ्याला बरोबर खड्ड्यात घालते. तिथे बी लिहिलेला असतो आणि उच्चार आपल्या 'प'चा. पी लिहिलेला असतो आणि उच्चार 'फ'च्या जवळचा, ओठ मिटून हवा सोडलेला. डी म्हणजे 'त', टी म्हणजे 'थ'. आपण ज्याला बीजिंग म्हणतो ते तिथल्या तोंडात 'पेइचिंग' असतं. इंग्रज मुलाला हे 'प-फ', 'त-थ' महिनोन्‌महिने घोटावं लागतं. आपल्याकडे पहिलीतलं पोर बाराखडीत ते म्हणून मोकळं होतं. आणि त्यावर कडी म्हणजे 'च'. निरोप घेताना ते जो शब्द वापरतात त्यात दोन 'च' आहेत. पहिला 'चाक'मधला, दुसरा 'चिंच'मधला. हा फरक हिंदीवाल्याला सांगून समजत नाही. भाचीच्या वर्गात दिल्लीहून आलेला एक मुलगा आहे, तो तीन आठवडे दोन्ही चिंचेचेच काढत होता. मी भाचीला म्हटलं, सगळं देवनागरीत लिही, झटकन येईल. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी मोडी सुचवली.

पण सूर! ते मात्र ना देवनागरीत सापडतात ना रोमनमध्ये. चार सूर आहेत. एक सपाट. दुसरा वर चढणारा, मेंटेनन्सचं बिल पाहून आपण 'काऽय?' म्हणतो तसा. तिसरा खाली जाऊन पुन्हा वर येणारा, रिक्षा आमच्या गल्लीत शिरते तसा. चौथा वरून दाणकन आपटणारा. 'थांग' एका सुरात म्हटलं तर सूप, दुसऱ्यात म्हटलं तर साखर. मी प्रामाणिकपणे दोन्ही म्हणून पाहिले आणि भाचीला विचारलं, कुठलं आलं?

"कुठलंच नाही, मामा."

मराठीत थांग लागत नाही म्हणतात ते यालाच.

तिसऱ्या मजल्यावरचे शेठ एकदा चहाला आले असताना ही तालीम चालली होती. त्यांचा उद्योगनगरात गाळा आहे, प्लॅस्टिकच्या झाकणांचा. भाचीने त्यांना सांगितलं, की 'माइ' तिसऱ्या सुरात म्हणजे विकत घेणे आणि चौथ्या सुरात म्हणजे विकणे. शेठनी कप खाली ठेवला. "म्हणजे खरेदी-विक्री एकच शब्द? आणि जगाचा माल तेच विकतात?" ते बराच वेळ 'माइ-माइ' करत बसले. जाताना म्हणाले, "भाऊ, आपण धंद्यात इथेच मार खातो. आपण दोन शब्द ठेवले."

हेच शेठ आधी चिनीच्या विरोधात होते. गलवानच्या चकमकीनंतर २०२० मध्ये सरकारने ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर चिनी माळा न लावण्याचा ठराव त्यांनीच टाकला होता. भाचीचं कळल्यावर ते मला जिन्यात गाठून हळूच म्हणाले होते, "चालतं ना हे? परवानगी आहे ना?" प्रश्न अगदीच वेडा नव्हता. नव्या शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात परकीय भाषांच्या उदाहरणांत चिनीचं नाव होतं. जुलै २०२० मध्ये धोरण जाहीर झालं तेव्हा जपानी, कोरियन, थाई सगळ्या होत्या, चिनी गळली होती. मी शेठना म्हटलं, केंब्रिजने गाळलेली नाही. त्यावर ते म्हणाले, "त्यांची सीमा कुठे लागते?"

आता या परीक्षेतली खरी गंमत सांगतो. तोंडी परीक्षेत आधी एक छोटं नाटक, मग दोन विषयांवर गप्पा, एकूण दहाएक मिनिटांचा मामला. शाळेच्याच बाई प्रश्न विचारतात, सगळं रेकॉर्ड होतं आणि रेकॉर्डिंग मंडळाकडे जातं. प्रश्न साधे: घरी कोण कोण असतं, सुट्टीत काय करता, मोठेपणी कोण होणार. तेव्हा मुलं विषयवार उत्तरं पाठ करतात. आणि उत्तर पाठ करताना सत्याकडे बघून चालत नाही, हाताशी शब्द कोणते आहेत ते बघावं लागतं.

मी पहिल्यांदा कार्ड उलटून विचारलं, "तुझा मामा काय करतो?" भाची घडाघडा बोलली. मी विचारलं, काय सांगितलंस?

"तू डॉक्टर आहेस."

"अगं, वसुली अधिकारी!"

"चौथ्या खणात वसुली नाहीये, मामा. डॉक्टर, शिक्षक, पोलीस आणि ड्रायव्हर आहे. तू सांग."

मी थोडा विचार करून डॉक्टर पत्करलं. पण हे एवढ्यावर थांबलं नाही. हळूहळू असं कळलं, की चिनी भाषेत आमचं एक वेगळंच कुटुंब नांदतंय. त्या कुटुंबातल्या आजीला पोहायला अतिशय आवडतं, कारण छंदांच्या यादीत पोहणं आहे, विष्णुसहस्रनाम नाही. भावोजी दर शनिवारी बास्केटबॉल खेळतात. वास्तविक शनिवारी भावोजी दुपारी तीनपर्यंत आडवे असतात. ताई सकाळी चित्रं काढते. घरात एक लहान काळा कुत्रा आहे. आमच्या सोसायटीच्या नियमांप्रमाणे कुत्रा नाही, पण त्याने 'लहान' आणि 'काळा' हे दोन्ही शब्द खपतात. उन्हाळ्यात आम्ही विमानाने पेइचिंगला जातो, मोठी भिंत बघतो, हवा थंड आणि छान असते. मागच्या उन्हाळ्यात आम्ही कणकवलीला गेलो होतो, रात्रीच्या गाडीने, वेटिंग लिस्टवर.

सकाळच्या नाश्त्याला तिथे आम्ही टोमॅटो घालून परतलेली अंडी खातो. हे ऐकताच आईने उठून खिडकी लावली. आमच्या इमारतीत अंडी येतात, नाही असं नाही. पण आधी वर्तमानपत्रात आणि मग काळ्या पिशवीत बसून येतात आणि लिफ्टऐवजी जिन्याने येतात. "मोठ्याने म्हणू नकोस," आई म्हणाली. भाचीने समजावलं, की चिनीत म्हटल्यावर कुणाला कळणार आहे? "तुझ्या तोंडावरून कळतं," आई म्हणाली. मोदकांसाठी मात्र भाचीने स्वतःच्या डोक्याने वाट काढली. ते लोक सारण भरून उकडलेल्या पारीला 'च्याओत्स' म्हणतात. हिने 'गोड च्याओत्स' असं सांगायचं ठरवलं. मोदकाला किती कळ्या पडल्या पाहिजेत, हे सांगायला शब्द नव्हते. मंचूरियनचा उल्लेख करावा का, असं मी सुचवलं, पण बाईंनी सांगितलं होतं की तो पदार्थ तिकडे कुणाला माहीत नाही. तो मुंबईतच १९७५ च्या सुमाराला जन्मला, नेल्सन वांग यांच्या हातून, असं सांगतात. हायवेवरच्या चायनीज गाडीवाल्याला मी हे अजून सांगितलेलं नाही.

आईला या परीक्षेत कुणी बसवलं असतं तर एका प्रकरणात पैकीच्या पैकी मिळाले असते. चिनीत 'तीन पुस्तकं' असं सरळ म्हणता येत नाही; मधे मापाचा एक शब्द घालावा लागतो. पुस्तकाला एक, कागद-टेबल-तिकीट अशा सपाट वस्तूंना दुसरा, आणि लांबुडक्या गोष्टींना तिसरा, 'थ्याओ'. नदी, रस्ता, मासा आणि पँट या चारही गोष्टी चिनी माणूस एकाच 'थ्याओ'ने मोजतो. भाची रडकुंडीला आली होती. आईने तिला संध्याकाळी भाजीला सोबत नेलं. मेथीची काय? जुडी. लसणाचा? गड्डा. त्यातली? पाकळी. केळ्यांची? फणी. विड्याच्या पानांची? कवळी. बोंबलाचा? वाटा. "आता जाऊन त्याला 'एक मेथी द्या' म्हण," आई म्हणाली, "तो तुला एक काडी देईल." त्या दिवसानंतर मापाचे शब्द भाचीचे कधी चुकले नाहीत. आईनेही 'थ्याओ' उचलला. परवा तिने माझ्या पँटी दोरीवर टाकताना "दोन थ्याओ वाळत घातलेत" असं सांगितलं.

अक्षरांचंही तसंच. चिनी अक्षरं म्हणजे चित्रांचे वाडे; एकेक दार उघडत आत जावं लागतं. एक झाड म्हणजे झाड, दोन झाडं म्हणजे राई, तीन म्हणजे अरण्य. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती. हे आईला सगळं पटत गेलं. मग भाचीने 'घर' काढून दाखवलं. वर छप्पर, छपराखाली डुक्कर.

"डुक्कर?"

"पूर्वी घराघरात पाळायचे, आजी. म्हणून."

"आणि हे दुसरं? छप्पर तेच दिसतंय."

"छपराखाली बाई. म्हणजे शांती."

आईने चष्मा काढून पदराने पुसला. "बाई घरात राबली की बाकीच्यांना शांती," ती म्हणाली, "तिची कुणी काढली नाही वाटतं." मग थोड्या वेळाने, माझी वर्तमानपत्रं, चपला आणि उष्टा कप जिथे पडले होते तिकडे बघून, "पण घराचं अक्षर बरोबर आहे."

जानेवारीत एका दुपारी शेठचा फोन आला. गाळ्यातलं मशीन बंद पडलं होतं. मशीन चीनहून मागवलेलं, मेकॅनिक वसईला गेलेला, पडद्यावर लाल पट्टीत काहीतरी चिनी उमटलेलं, आणि ऑपरेटर हात लावायला तयार नाही. "पोरीला पाठवा," शेठ म्हणाले. आम्ही दोघं गेलो. गाळ्यात प्लॅस्टिकचा गरम वास, कोपऱ्यात निळ्या झाकणांची पोती, दारावर लिंबू-मिरची. भाचीने पडद्यासमोर उभं राहून ओठ हलवले. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. ठराव टाकणारे शेठ टोपी हातात धरून उभे होते.

"काका, पहिलं अक्षर येतं. मधली दोन येत नाहीत. शेवटचं येतं."

"जेवढं येतं तेवढं सांग, बेटा."

"पहिलं आणि शेवटचं मिळून 'च्या योउ' होतं. म्हणजे... 'हिंमत धरा! शाब्बास! तुम्हाला जमेल!' असं."

गाळ्यात शांतता पसरली. मशीन शेठना धीर देत होतं. शेठनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं, जरा ओशाळून, एवढ्या वर्षांत या यंत्राला आपण कधी बरं बोललो का, असा चेहरा करून. ऑपरेटर उत्तर प्रदेशचा, चाळिशीतला. त्याने विचारलं, "बिटिया, अक्षराचा अर्थ काय? एकेकाचा?"

"पहिल्याचा घालणे. शेवटच्याचा तेल."

ऑपरेटर एक शब्द न बोलता मागे गेला, ग्रीसच्या डब्याशेजारचा कॅन उचलला, टाकीचं झाकण काढलं आणि वंगणाचं तेल ओतलं. लाल पट्टी गेली. मशीनने झाकणं टाकायला सुरुवात केली. झालं असं होतं, की 'तेल घाला' याच शब्दांनी चिनी लोक मॅचमध्ये आणि परीक्षेला निघालेल्या मुलांना प्रोत्साहन देतात, आणि बाईंनी ते 'शुभेच्छा' या सदरात शिकवलं होतं. वंगण हा शब्द पाचांपैकी कुठल्याच खणात नव्हता. शेठनी भाचीला पाचशेची नोट दिली आणि गाळ्यात ते दोन शब्द घोषवाक्य झाले. अडचण एवढीच, की मराठी कानाला 'च्या यो' अर्धवट राहिलेल्या शिवीसारखं लागतं. उद्योगनगरातून येताना ऑपरेटरने भाचीला लांबून ते ओरडून सांगितलं तेव्हा रस्त्यावरच्या दोन बायका थांबल्या.

पाचव्या खणासाठी, आंतरराष्ट्रीय जगासाठी, आईनेच विषय सुचवला. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. शांतारामबापूंचा १९४६ चा सिनेमा तिने मॅटिनीला पाहिला होता. सोलापूरचा तरुण, १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, तिथलीच भाषा शिकला, तिथल्याच नर्सशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी, युद्धाच्या धबडग्यात गेला. चीनमध्ये त्यांना 'ख तिहुआ' म्हणतात. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. भाचीने निबंध लिहिला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की हा पहिला निबंध आहे ज्यात 'डॉक्टर' हा शब्द खऱ्या डॉक्टरसाठी आलाय. मी मान खाली घातली. कोटणिसांनी चिनी कुठल्या खणाने शिकली असेल, याचा मी विचार करत होतो. त्यांच्यासमोर पहिल्या दिवशी जखमी सैनिकच आले असणार. रंग आणि छंद मागाहून.

तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी शेठनी लिफ्टपाशी दोन्ही हात वर करून सांगितलं, "बेटा, तेल घाल!" आईने दहीसाखर दिली. रिक्षा निघाली आणि कोपऱ्यावरच अडकली. रस्ता खोदलेला, खोदलेल्यात पाइप फुटलेला, त्यात पाण्याचा टँकर चाक रुतवून उभा. टँकरमधलं पाणी बाहेर आणि रस्त्यातलं पाणी आत, असा काहीतरी प्रकार चालला होता. वीस मिनिटं आम्ही तिथेच. भाची पाठ केलेलं कुटुंब पुटपुटत होती.

संध्याकाळी ती आली ती दप्तर टाकून हसत सुटली. बाईंनी तिसऱ्या खणातला प्रश्न काढला होता: तुझ्या घराजवळ काय काय आहे? याचं उत्तर तयार होतं. मोठी बाग, वाचनालय, सिनेमागृह, बागेत पक्षी. "पण मला सकाळचंच दिसायला लागलं," ती म्हणाली, "आणि तोंडातून तेच गेलं."

"काय गेलं?"

तिने बोटं मोजत सांगितलं. माझ्या घराजवळ एक थ्याओ रस्ता आहे. रस्ता फार लांब आहे. पूर्वी रस्ता होता, आता रस्ता नाही. रस्त्याच्या आत पाणी आहे. पाण्याच्या आत पाण्याची गाडी आहे. गाडी चालत नाही. सगळी माणसं उभी आहेत. काही माणसं चहा पितात.

"सुरासकट?"

"सुरासकट. एकही शब्द अडला नाही, मामा. सगळे पहिल्याच खणातले होते."

मग बाईंनी हातातल्या कार्डावरचा पुढचा प्रश्न वाचला: तुला तिथे राहायला आवडतं का? का आवडतं?

"मी म्हटलं, आवडतं. कारण तिथे माझी वाइफो राहते."

"पुन्हा बाहेरची!" आई स्वयंपाकघरातून ओरडली. पण त्या दिवशी तिने साबुदाण्याच्या वड्यांचं तेल तापत ठेवलं होतं, तेव्हा फार ताणलं नाही. आता केंब्रिजला कुणीतरी कानाला हेडफोन लावून आमच्या कोपऱ्यावरचा टँकर ऐकणार, याचं मला विशेष वाटत राहिलं. इथल्या कुणाला ऐकवायची सोय झाली नव्हती.

"एकच राहिलं," भाची वड्याला हात घालत म्हणाली. "कुत्र्याबद्दल विचारलंच नाही. एवढं पाठ केलं होतं."

"बरं झालं," आई म्हणाली. "रेकॉर्डिंग सेक्रेटरीच्या हाती लागलं असतं तर पाचशे रुपये दंड होता."